संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

जुलैचा दुसरा आठवडा होता. चिपळूणला तीन दिवस पाऊस उसंत देत नव्हता. रात्रीची जेवणे आटोपली, धाकट्याचा अभ्यास झाला आणि आम्ही संगणक बंद करायला गेलो. पाहतो तर बंद करण्याच्या जागी नेहमीपेक्षा वेगळे शब्द होते : अपडेट करून बंद करा. आम्ही तेच दाबले. स्क्रीनवर टक्के वाढू लागले आणि खाली सूचना आली की संगणक बंद करू नका. सदतीस टक्क्यांवर लाइट गेली. टेबलाखालचा यूपीएस दोनदा ओरडला आणि गप्प झाला. त्याची बॅटरी मेल्याला वर्ष होऊन गेले होते. ते आम्हाला ठाऊक होते, पण ‘बदलू, बदलू’ म्हणत राहिलो होतो.

सकाळी लाइट आल्यावर बटण दाबले. कंपनीचे चिन्ह आले, त्याखाली ठिपक्यांचे चक्र फिरले, स्क्रीन काळी झाली आणि पुन्हा तेच चिन्ह आले. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी निळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर उमटला. तुमचा संगणक नीट सुरू झालेला नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्या संगणकात मुलांच्या गुणपत्रिका होत्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती होत्या, घरपट्टीच्या पावत्या होत्या, दोन लग्नांचे फोटो होते. यातले बरेचसे धावपळ करून पुन्हा मिळवता आले असते. पण अब्बांचा आवाज पुन्हा कुठून आणणार?

अब्बा कुवेतला नोकरीला होते त्या काळात फोन परवडत नसे आणि पत्र लिहिण्याचा त्यांना कंटाळा. ते कॅसेटवर बोलायचे आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती पाठवून द्यायचे. अम्मींनी अशा चौदा कॅसेट जपल्या होत्या. अब्बांच्या इंतकालानंतर, २०१९ साली, आमच्या पुण्याच्या भाचीने सुट्टीत बसून त्या सगळ्या संगणकात उतरवून दिल्या. कॅसेट पुन्हा खालच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत गेल्या. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तसे आमच्या खालच्या मजल्यावरही शिरले. पेटी चिखलाने भरली. संगणक वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. त्या दिवसापासून त्या आवाजाची एकच प्रत उरली होती आणि दुसरी काढून ठेवायचे आम्हाला एवढ्या वर्षांत सुचले नव्हते.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने लक्षणे ऐकली आणि लगेच सांगितले, “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. घेऊन या, संध्याकाळपर्यंत देतो.” डेटाचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, “तो जाणारच.”

आम्ही संगणकाच्या वायरी सोडवायला लागलो. इतक्यात अम्मी दारात येऊन उभ्या राहिल्या. “आणि त्यांच्या कॅसेट?” एवढेच त्यांनी विचारले. आमचे हात थांबले. आम्ही पुण्याला भाचीला व्हिडिओ कॉल लावला.

चूल मोडली, तांदूळ शाबूत

भाचीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “खाला, खालू, आधी कुणीही काही दाबू नका. आणि फॉरमॅट हा शब्द आज घरात काढू नका.”

तिने जे समजावले ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. संगणकाच्या डिस्कवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक म्हणजे संगणक चालवणारी यंत्रणा, म्हणजे विंडोज किंवा तत्सम ऑपरेटिंग सिस्टिम. दुसरी म्हणजे आपली कागदपत्रे, फोटो, आवाज. अपडेट बदल करते ते पहिल्या भागात. जुन्या फाइल काढून नव्या बसवत असताना लाइट गेली, डिस्कवर जागा कमी पडली किंवा एखाद्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या फाइलींशी जुळला नाही, की यंत्रणा अर्धवट राहते आणि संगणक उठत नाही. चूल मोडली म्हणून कणगीतले तांदूळ कुठे जात नाहीत. जेवण होत नाही एवढेच. फॉरमॅट करणे म्हणजे मात्र चूल दुरुस्त करण्यासाठी कणगीही रिकामी करणे.

असे कधीच होत नाही असे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे एक मोठे अपडेट काढले आणि काही लोकांच्या फाइलीच नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीला ते अपडेट काही काळ थांबवावे लागले. पण असे क्वचित घडते. बहुतेक वेळा फाइली जागच्या जागी असतात आणि त्या जातात त्या आपल्या घाईने.

पहिले काम, थांबणे

स्क्रीनवर टक्के दिसत असतील किंवा ठिपके फिरत असतील तर संगणक अजून काम करत असण्याची शक्यता असते. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर मोठ्या अपडेटला काही तास लागू शकतात. डब्यावरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नये. अपडेट अर्ध्यावर फसले असेल तर विंडोज स्वतःच केलेले बदल मागे घेते आणि तसे स्क्रीनवर लिहून येते. त्या वेळी घाबरून बटण दाबून धरले तर साधी अडचण गंभीर होते. दोन-तीन तासांत टक्का हलला नाही आणि दिवाही लुकलुकत नाही, तेव्हाच पुढचा विचार करावा.

संगणक नेमका कुठे अडला?

‘सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात.

बटण दाबल्यावर दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही. असे असेल तर दोष अपडेटचा नाही. आधी प्लग, बोर्ड, वायर, लॅपटॉप असेल तर चार्जर पाहावा. लॅपटॉपचा चार्जर काढून पॉवरचे बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरावे, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करावा. अडकलेली वीज निघून गेली की काही लॅपटॉप एवढ्यानेच उठतात.

पंखा फिरतो, पण स्क्रीनवर कंपनीचे चिन्हसुद्धा येत नाही किंवा आतून बीप ऐकू येतात. हा आजार बहुधा मॉनिटरच्या वायरीचा किंवा आतल्या रॅमचा असतो. इथे जाणकाराकडे जावे.

चिन्ह येते, पण पुढे सारे काळे होते आणि माउसचा बाण मात्र हलतो. इथे विंडोज सुरू झालेले असते, फक्त चित्र दिसत नसते. कीबोर्डवर विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की स्क्रीनचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट हेही दाबून पाहावे.

चिन्ह येते आणि निळी स्क्रीन येते किंवा संगणक पुन्हापुन्हा आपोआप सुरू-बंद होतो. आमचा आजार हा होता. अपडेट फसल्याचे हे नेहमीचे लक्षण. निळ्या स्क्रीनवर एखादा कोड आला असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा, मदत करणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

भाचीने पुढचे काम दिले ते अगदी साधे होते. “प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर, मोबाइलची वायर, सगळं काढा. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढंच ठेवा.” कधी कधी संगणक विसरलेल्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडतो. कधी जोडलेल्या प्रिंटरचा किंवा दुसऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर आड येतो. आम्ही सगळे काढले. निळी स्क्रीन तशीच राहिली, पण या पायरीत काही बिघडत नाही, म्हणून ती आधी करावी.

दुरुस्तीचा दरवाजा

विंडोजमध्ये दुरुस्तीची एक वेगळी छोटी यंत्रणा असते. मुख्य यंत्रणा बंद पडली तरी ती बहुधा चालते. संगणक लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकला नाही की ती आपोआप समोर येते, आमच्याकडे आली तशी. ती आली नाही तर मुद्दाम बोलवावी लागते. संगणक सुरू करून चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरून बंद करायचा. असे दोनदा-तीनदा केले की पुढच्या वेळी ती उघडते. एरवी बटण दाबून बंद करणे वाईट, इथे मात्र तोच मार्ग आहे. टक्के वाढत असताना मात्र हे कधीही करू नये. लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत पोचता येत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केले तरी ती मिळते.

तिथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स असे गेले की चौकोनांची यादी दिसते : स्टार्टअप रिपेअर, अनइन्स्टॉल अपडेट्स, सिस्टिम रिस्टोर, कमांड प्रॉम्प्ट, स्टार्टअप सेटिंग्ज. आमचे बोट सरळ पहिल्या चौकोनाकडे गेले. भाचीने थांबवले. “दुरुस्ती नंतर. आधी नानांचा आवाज बाहेर काढू या.”

सुरू न होणाऱ्या संगणकातून फाइल कशी बाहेर काढणार, हे आम्हाला कळेना. तिने सांगितलेली युक्ती अशी : एक रिकामा पेन ड्राइव्ह लावायचा. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. त्या काळ्या चौकटीत नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबायचे. साधे लिहिण्याचे नोटपॅड उघडते. त्यात फाइल आणि मग ओपन केले की फोल्डर दाखवणारी खिडकी येते. खाली ‘टेक्स्ट’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडायचे, म्हणजे सगळे काही दिसते. मग हवे ते फोल्डर शोधून माउसच्या उजव्या बटणाने कॉपी करायचे आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करायचे.

पहिल्यांदा सी ड्राइव्ह उघडला तो जवळजवळ रिकामा दिसला. घशाला कोरड पडली. भाची हसली. “इथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात, खाला. डी उघडून बघा.” डी उघडला आणि त्यात आमचे घर सापडले : मुलांची नावे, ‘लग्न’, ‘पावत्या’ आणि ‘अब्बा’.

कॉपी चालू असताना तिथे प्रगतीची पट्टी दिसेलच असे नाही, त्यामुळे सारे गोठल्यासारखे वाटते. आम्ही दोनदा बंद करायला निघालो होतो. चाळीसएक मिनिटांनी फोल्डर पेन ड्राइव्हवर दिसले. ते आम्ही लगेच धाकट्याच्या लॅपटॉपवर उघडले. चौदाच्या चौदा फाइली होत्या.

हे जमले नाही तरी वाटा आहेत. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा, उदाहरणार्थ उबुंटूचा, पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून बिघडलेला संगणक तात्पुरता सुरू करता येतो आणि फाइली उतरवता येतात. इन्स्टॉल न करता फक्त वापरून पाहण्याचा पर्याय मात्र जपून निवडायचा. किंवा डिस्क बाहेर काढून केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. दुरुस्तीवाल्याला नेमके हेच काम सांगावे.

मग दुरुस्ती, हलक्या उपायापासून

फाइली हातात आल्यावर भाचीने क्रम सांगितला. जो उपाय सर्वांत कमी बदल करतो तो आधी.

स्टार्टअप रिपेअर : सुरू होण्याच्या मार्गातले दोष संगणक स्वतः शोधतो. आमच्याकडे वीस मिनिटांनी उत्तर आले की दुरुस्ती झाली नाही. हे उत्तर अनेकांना येते, त्याने खचू नये.

अनइन्स्टॉल अपडेट्स : इथे दोन पर्याय असतात. क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचे. ते अमेरिकेच्या वेळेप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, म्हणून आपल्याकडे त्या बुधवार-गुरुवारी अशा तक्रारी जास्त ऐकू येतात. फीचर अपडेट म्हणजे मोठे, आवृत्ती बदलणारे. ते साधारण दहा दिवसांच्या आतच मागे घेता येते. नुकते जे आले असेल ते काढावे. आम्ही क्वालिटी अपडेट काढले.

याने भागले नाही तर सिस्टिम रिस्टोर आहे. संगणक आधी नोंदवून ठेवलेल्या एखाद्या तारखेच्या स्थितीत परत जातो. त्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, आपल्या फाइली राहतात. स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे विंडोज अगदी मोजक्या सामानावर सुरू होते, त्यामुळे अलीकडे टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढून टाकता येतो.

सर्वांत शेवटी रीसेट. त्यातही दोन वाटा असतात : ‘माझ्या फाइली ठेवा’ आणि ‘सर्व काढून टाका’. पहिलीत प्रोग्रॅम जातात, फाइली राहतात. दुसरीत काहीच राहत नाही. स्क्रीनवर त्या शेजारीशेजारी असतात, म्हणून वाचून, दुसऱ्याला वाचायला लावून, मगच दाबावे.

आमच्या संगणकाने अपडेट काढल्यावर पुन्हा एकदा चक्र फिरवले, बराच वेळ घेतला आणि असरच्या सुमारास नेहमीचे चित्र समोर आले. अम्मींना कुणी सांगायची गरज पडली नाही. सुरू होतानाचा आवाज त्यांनी आतून ऐकला होता.

अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

फोन ठेवण्याआधी भाचीने धाकट्याच्या नव्या लॅपटॉपबद्दल विचारले. “त्याची रिकव्हरी की लिहून ठेवली आहे का?” आम्हाला प्रश्नच कळला नाही.

नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. विंडोजमध्ये या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर घरातले फोटो कुणाच्या हाती पडू नयेत, हा त्याचा फायदा. पण काही अपडेटनंतर किंवा दुरुस्तीच्या वेळी संगणक एकदम किल्ली मागतो. ती अठ्ठेचाळीस अंकांची असते, सहा-सहाच्या आठ गटांत. ती नसेल तर आत शिरता येत नाही, दुरुस्तीवाल्याला नाही आणि कंपनीलाही नाही. लॅपटॉप घेताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तो सुरू केला, त्या खात्यात ती बहुतेक वेळा जमा असते. दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलने खाते काढून दिले असेल तर किल्लीही त्याच्याकडे! आजच आपल्या खात्यात जाऊन ती पाहावी आणि कागदावर उतरवून रेशनकार्ड ठेवता तिथे ठेवावी. ती त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवणे म्हणजे कपाटाची चावी कपाटात ठेवणे.

या किल्लीची किंमत १९ जुलै २०२४ रोजी सगळ्या जगाला कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेले एक छोटे अपडेट सदोष निघाले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. विमाने रखडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय तसा छोटा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे. पण बऱ्याच ठिकाणी ते प्रत्येक संगणकासमोर बसून करावे लागले आणि जिथे डिस्क कुलूपबंद होती तिथे आधी किल्ली शोधावी लागली. मोठमोठ्या कंपन्यांनाही अखेर पायरी-पायरीनेच जावे लागले.

अपडेट बंदच करावे का?

हे सगळे ऐकून शेजारच्या चाचांनी ठरवले की आता अपडेट कायमचे बंद. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामही विस्कळीत झाले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही ते अडकले. अपडेट घ्यावेच, पण आपल्या सोयीने. सेटिंग्जमध्ये ते काही दिवस पुढे ढकलता येते. परीक्षेचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री किंवा विजा कडाडत असताना ते सुरू करू नये. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी जागा मोकळी असावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी जिवंत असावी.

संगणक दुकानात द्यायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी सांगून द्यावा. डेटा आधी बाहेर काढा. आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका. काय केले ते पावतीवर लिहा. घरातल्या बायकामुलींचे फोटो त्यात असतात, म्हणून शक्यतो समोर बसून काम करून घ्यावे, यात संकोच करायचे कारण नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कुठल्याही ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नये. तिकडचा माणूस मोबाइलमध्ये ॲप टाकायला सांगतो, ओटीपी मागतो आणि संगणक राहतो बाजूला, बँकेतले पैसे जातात. असे घडलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

अकरावी कॅसेट

रात्री सगळे वरच्या खोलीत बसलो. भाचीने सांगून ठेवले होते की नुसत्या फाइली दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, एकेक उघडून ऐका. आम्ही ऐकायला लागलो. अब्बा कुवेतच्या उन्हाबद्दल बोलत होते, विहिरीच्या गाळाबद्दल विचारत होते, मधेच कुणाला तरी दार लावायला सांगत होते. एवढ्या वर्षांत आम्ही हे सगळे एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

अकरावी फाइल निम्म्यावर थांबली. पुन्हा लावली, तिथेच थांबली. आधी वाटले कॉपी करताना बिघडली. मूळ फाइल पाहिली, तीही तेवढीच. २०१९ मध्येच ती कॅसेट अर्धी उतरली होती. तेव्हा कुणी तपासले असते तर पेटी उघडून दुसरी बाजू भरून घेता आली असती. आता पेटी नाही आणि कॅसेटही नाही. भाचीला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. अम्मी म्हणाल्या, “तिला काही म्हणू नका. तिने उतरवल्या म्हणून तेरा तरी पूर्ण राहिल्या.”

म्हणून वाचकांना आमचे सांगणे एवढेच. ज्याची एकच प्रत आहे ते आपल्याकडे आहे असे समजू नका. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर. पूर आला तर एकाच घरातल्या तिन्ही प्रती एकाच वेळी जातात, हे चिपळूणकरांना सांगावे लागत नाही. घराबाहेरची प्रत नातेवाइकाकडे ठेवता येते किंवा गुगल ड्राइव्हसारख्या सोयीवर, जिथे १५ जीबीपर्यंत जागा फुकट मिळते. आणि प्रत काढली की ती उघडून शेवटपर्यंत पाहावी, ऐकावी.

आता ‘अब्बा’ फोल्डरची एक प्रत पुण्याला भाचीकडे आहे, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक अम्मींच्या मोबाइलमध्ये. यूपीएसची बॅटरीही त्याच आठवड्यात बदलली. पुढच्या महिन्याचे अपडेट आले तेव्हा आम्ही लाइट असताना, सकाळी, नाश्त्याच्या वेळी ते सुरू केले आणि ते संपेपर्यंत कुणीही संगणकाला हात लावला नाही.